पदवी भौतिकशास्त्राची, प्रयोगशाळा संगणकात

२५ मे २०२५ रोजी, रविवारी, बारामती आणि इंदापूर तालुक्यांत मे महिन्यात सहसा न दिसणारा पाऊस कोसळला. पिंपळी-लिमटेकजवळ नीरा डावा कालवा फुटला, काटेवाडी परिसरात पाणी पसरले, घरांचे आणि शेतांचे नुकसान झाले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या बोलवाव्या लागल्या. त्याच दिवशी मॉन्सून महाराष्ट्रात दाखल झाल्याचे हवामान खात्याने जाहीर केले. दुसऱ्या दिवशी, २६ मे रोजी, दिल्लीत ‘भारत फोरकास्टिंग सिस्टीम’ या नव्या हवामान अंदाज प्रणालीचे लोकार्पण झाले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत (आयआयटीएम) तयार झालेली ही प्रणाली ६ किलोमीटरच्या चौकटीत हवामानाचा अंदाज देते. आधीची चौकट १२ किलोमीटरची होती.

या दोन घटना लागोपाठ घडल्या हा योगायोग. पण त्यांच्यामध्ये जे शास्त्र उभे आहे, त्याचे नाव दरवर्षी जून-जुलैत अनेक घरांत निघू लागले आहे. बारावी झालेली मुलगी म्हणते, ‘मला भौतिकशास्त्र आवडते, कॉम्प्युटरही आवडतो, दोन्ही एकत्र शिकता येईल का?’ घरातले म्हणतात, ‘मग इंजिनिअरिंगच का नको?’ संगणकीय भौतिकशास्त्र, म्हणजेच कॉम्प्युटेशनल फिजिक्स, ही पदवी म्हणून घेण्यासारखी गोष्ट आहे का, आणि बारामती-इंदापूरकडच्या विद्यार्थ्याला ती कुठे, कशी घेता येईल, हा प्रश्न म्हणून नीट तपासायला हवा.

कागदावर न सुटणारी समीकरणे

भौतिकशास्त्र शिकवण्याची जुनी पद्धत दोन पायांवर उभी आहे. एक सिद्धांत, दुसरा प्रयोग. फळ्यावर समीकरण मांडायचे, सोडवायचे आणि प्रयोगशाळेत पडताळायचे. अडचण अशी, की पाठ्यपुस्तकातली समीकरणे सुटतात कारण ती सुटतील अशीच निवडलेली असतात. दोरीला टांगलेला लंबक थोडाच हलला तर गणित सुटते. तोच लंबक दुसऱ्या लंबकाला बांधला की कागद-पेन्सिल हात टेकते. वारा, ढग, जमिनीतले पाणी, वितळणारा धातू यांची समीकरणे माहीत असूनही त्यांचे उत्तर एका ओळीत लिहिता येत नाही. तेव्हा तिसरा मार्ग उरतो. जागेचे आणि वेळेचे लहान लहान तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यासाठी साधी बेरीज-वजाबाकी करायची आणि हे काम लाखो, कोट्यवधी वेळा यंत्राकडून करून घ्यायचे.

हा मार्ग संगणकाच्या आधीच सुचला होता. ब्रिटिश शास्त्रज्ञ लुईस फ्राय रिचर्डसन यांनी २० मे १९१० या एका दिवसाच्या युरोपातल्या हवेचा सहा तासांचा हिशेब हाताने केला आणि १९२२ मध्ये तो पुस्तकात छापला. उत्तर आले, की सहा तासांत हवेचा दाब १४५ मिलिबार बदलेल. प्रत्यक्षात त्या दिवशी दाब जवळजवळ स्थिर होता. पुढे पीटर लिंच यांनी दाखवले, की रिचर्डसन यांची पद्धत चुकली नव्हती. सुरुवातीच्या नोंदींमधले बारीक चढउतार आधी निवळून घेतले असते, तर उत्तर समंजस आले असते. या विषयातला पहिला धडा आजही हाच आहे. आकडेमोड बिनचूक असूनही उत्तर साफ चुकीचे असू शकते, आणि ते चुकीचे आहे हे ओळखायला भौतिकशास्त्र यावे लागते.

६ किलोमीटरच्या चौकटीची किंमतही यातूनच कळते. चौकटीची बाजू निम्मी केली, की तेवढ्याच प्रदेशात चौकटी चौपट होतात. चौकट लहान झाली की वेळेचा टप्पाही निम्मा करावा लागतो, नाहीतर वारा एका टप्प्यात एक अख्खी चौकट ओलांडून जातो आणि हिशेब फाटतो. म्हणजे काम आठपट. त्यासाठी आयआयटीएममध्ये ‘अर्का’ हा महासंगणक बसवण्यात आला. त्याची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप आहे, म्हणजे सेकंदाला सुमारे ११,७७० लाख कोटी गणिती क्रिया. तरीही ६ बाय ६ म्हणजे ३६ चौरस किलोमीटरच्या चौकटीत एखाद्या गावाचे सगळे शिवार मावून जाते. त्या चौकटीच्या आत, दोन-तीन किलोमीटर रुंदीचा एखादा ढग नेमका कुठे फुटेल, हे प्रणालीला थेट दिसत नाही. त्याचा सरासरी परिणाम वेगळ्या सूत्रांनी धरावा लागतो. अंदाज ‘चुकला’ असे म्हणण्याआधी तो कोणत्या मापावर दिला होता, हे विचारावे लागते.

वाफसा आणि समीकरण

हवामानाचे उदाहरण मोठ्या यंत्रांचे आहे. पण या विषयाला काटेवाडीच्या शिवारातही काम आहे.

नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८० च्या दशकात या पट्ट्यात आले. दुष्काळी माळावर ऊस उभा राहिला आणि त्याच्या पाठोपाठ मीठफुटीही आली. हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवरचा अभ्यास १९१० मध्ये मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यातर्फे प्रसिद्ध केला. म्हणजे कालवा आल्यावर पंचवीस-तीस वर्षांच्या आतच जमीन खराब होण्याचा प्रश्न शास्त्रज्ञांच्या टेबलावर पोहोचला होता. कारण समजायला अवघड नाही. मोकाट पाणी दिले, निचरा झाला नाही, की भूजलाची पातळी वर येते. दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे ते पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून पृष्ठभागाकडे चढते. उन्हाने पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते.

हे सगळे किती वेगाने घडेल, किती दिवसांनी किती पाणी द्यावे म्हणजे वाफसा टिकेल आणि मीठ वर येणार नाही, याचे उत्तर मात्र अवघड आहे. मातीतल्या पाण्याच्या हालचालीचे समीकरण अमेरिकी शास्त्रज्ञ लोरेन्झो रिचर्ड्स यांनी १९३१ मध्ये मांडले. त्यातली मेख अशी, की माती पाणी किती सहज वाहू देते, हे तिच्यात किती पाणी आहे त्यावरच अवलंबून असते. ओल्या मातीतून पाणी सरसर जाते. तीच माती कोरडी झाली की ही क्षमता हजारो पटींनी घटते. जे शोधायचे आहे, तेच आधी माहीत असावे लागते. असे समीकरण काही सोपे अपवाद सोडले तर कागदावर सुटत नाही. मग एक मीटर खोल जमिनीचे एकेक सेंटीमीटरचे शंभर थर कल्पायचे, एका थरातून दुसऱ्या थरात मिनिटामिनिटाला किती पाणी गेले याचा हिशेब लिहायचा आणि पुढे सरकायचे. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला साध्या संगणकावर हे करता येते. वेळेचा टप्पा मोठा घेतला तर काय होते, हेही त्याला लगेच दिसते. आकडे वेडेवाकडे उसळू लागतात, एखाद्या थरातले पाणी चक्क शून्याच्या खाली जाते.

यापुढची पायरी जास्त महत्त्वाची आहे. नीरेकाठची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. पहिले पाणी थरांतून झिरपत बसत नाही. भेगांतून थेट खाली उतरते. रिचर्ड्स यांचे साधे समीकरण भेगा धरत नाही. शेतकऱ्याला ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, पण ती समीकरणात नाही. ज्याने समीकरण शिकले आणि भेगाही पाहिल्या, तोच सांगू शकतो की संगणकाचे उत्तर कोणत्या महिन्यात मानायचे आणि कोणत्या महिन्यात नाही.

हा मुद्दा आता कागदी राहिलेला नाही. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या साहाय्याने उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रकल्प सुरू केला. जमिनीतले सेन्सर, हवामान केंद्र आणि उपग्रहाच्या प्रतिमा यांवरून शेतकऱ्याच्या मोबाइलवर सल्ला येतो. २०२५ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी या प्रयोगाचा जाहीर उल्लेख केल्यावर त्याची जगभर चर्चा झाली. अशा प्रकल्पांत सेन्सर बाहेरून येतो, प्रारूपही बाहेर तयार होते. तो सल्ला आपल्या मातीत कितपत लागू पडतो, हे तपासणारी माणसे मात्र बाहेरून आणून भागत नाही. ती इथल्याच महाविद्यालयांतून तयार व्हायला हवीत.

मेंढ्यांचे रिंगण, चाळीस ओळींत

‘हे सगळे महासंगणकवाल्यांचे काम, आमच्या कॉलेजात कुठे जमणार?’ अशी शंका येते. तिचे उत्तर काटेवाडीतच आहे. संत तुकाराम महाराजांची पालखी आषाढवारीत काटेवाडीला येते तेव्हा परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो आणि पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. मेंढपाळ सुरुवात करून देतो, पण प्रत्येक मेंढीला वेगळी सूचना नसते. तरी शेकडो मेंढ्या एका दिशेने फिरतात.

हंगेरीचे भौतिकशास्त्रज्ञ तामाश विचेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये अशा कळपांसाठी एक अगदी साधे प्रारूप मांडले. प्रत्येक प्राणी ठरावीक वेगाने चालतो, आसपासच्या शेजाऱ्यांची सरासरी दिशा धरतो आणि त्यात थोडी मनमानी करतो. एवढेच नियम. मनमानी कमी असेल तर सगळा कळप एका दिशेने लागतो. ती वाढवत नेली तर एका टप्प्यानंतर शिस्त मोडते आणि जो तो आपल्या वाटेने जातो. लोखंड तापवल्यावर त्याचे चुंबकत्व एका तापमानाला नाहीसे होते, त्याच्याशी नाते सांगणारे हे वर्तन आहे. पायथन या मोफत मिळणाऱ्या संगणकभाषेत हे प्रारूप चाळीस-पन्नास ओळींत लिहिता येते आणि साध्या लॅपटॉपवर चालते.

पण खऱ्या मेंढ्या एवढ्या सोप्या नसतात. मेरिनो मेंढ्यांच्या कळपाचे निरीक्षण करून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले, की चरताना मेंढ्या हळूहळू पांगतात आणि मग अचानक पळत येऊन एकमेकींना बिलगतात. चारा मिळवायचा तर दूर जावे लागते आणि सुरक्षित राहायचे तर जवळ, अशी ही ओढाताण असते. विचेक यांच्या प्रारूपात ती नाही. विद्यार्थ्याने प्रारूप लिहावे, ते चालवावे, मग रिंगणाचा व्हिडिओ पाहून दिशांची मोजणी करावी आणि कुठे जुळते, कुठे जुळत नाही हे लिहावे. पदवी अभ्यासक्रमातल्या चांगल्या प्रकल्पाला यापेक्षा अधिक साधनसामग्री लागत नाही.

पुण्यातली परंपरा

या विषयात भारतीयांचे काम जुने आहे. हैदराबादचे अनीसुर रहमान यांनी १९६४ मध्ये अमेरिकेतल्या आरगॉन प्रयोगशाळेत द्रवरूप आरगॉन वायूच्या ८६४ अणूंची हालचाल संगणकावर क्षणाक्षणाने काढली. रेणूंच्या हालचालींचा असा हिशेब आज औषधनिर्मितीपासून बॅटरीपर्यंत सगळीकडे वापरला जातो. अमेरिकन फिजिकल सोसायटी संगणकीय भौतिकशास्त्रासाठी जो पुरस्कार देते, तो रहमान यांच्याच नावाने आहे.

पुण्याचे उदाहरण अधिक जवळचे आहे. गॅलियम हा धातू सुमारे ३० अंश सेल्सियसला वितळतो. तळहातावर ठेवला तरी पाणी होतो. एरवी कण जितका लहान, तितका तो कमी तापमानाला वितळतो. म्हणजे गॅलियमचे काही मोजक्या अणूंचे पुंजके आणखी लवकर वितळायला हवेत. पण २००३ च्या सुमारास अमेरिकेत मार्टिन जेरॉल्ड यांच्या प्रयोगांत दिसले, की हे पुंजके उलट कितीतरी जास्त तापमानापर्यंत घनच राहतात. असे का, याचा उलगडा करणारी आकडेमोड २००४ मध्ये पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात दिलीप कान्हेरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. लहान पुंजक्यांत अणूंमधले बंध मोठ्या तुकड्यातल्यापेक्षा वेगळ्या प्रकारचे आणि अधिक घट्ट असतात, असे त्यातून दिसले. प्रयोगाने कोडे घातले, आकडेमोडीने ते सोडवले. याच विद्यापीठात मॉडेलिंग आणि सिम्युलेशनचे स्वतंत्र केंद्र उभे राहिले. त्याच्या उभारणीत कान्हेरे यांचा मोठा वाटा होता.

सी-डॅकने ‘परम ८०००’ हा महासंगणक १९९१ मध्ये पुण्यातच घडवला. आज आयसर पुणे येथे ‘परम ब्रह्म’ आहे. नारायणगावजवळच्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीसाठी २०२४ मध्ये ‘परम रुद्र’ मिळाला. त्याच दिवशी आयआयटीएमच्या ‘अर्का’चेही लोकार्पण झाले. या विषयातल्या देशातल्या मोठ्या सोयींपैकी बऱ्याच सोयी एकाच जिल्ह्यात आहेत, आणि बारामती त्याच जिल्ह्यात आहे.

पदवीचे नाव आणि पदवीचा गाभा

परदेशात या नावाची स्वतंत्र पदवी मिळते. अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठात रुबिन लँडाऊ यांनी पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी असा अभ्यासक्रम घडवला. स्कॉटलंडमधल्या एडिनबरा विद्यापीठातही याच नावाची पदवी आहे. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याने मात्र फक्त नावाच्या मागे लागू नये. इथे हा विषय भौतिकशास्त्राच्या बीएस्सीच्या पोटात येतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षाच्या अभ्यासक्रमात संगणकीय भौतिकशास्त्राचा पेपर होताच. नव्या शैक्षणिक धोरणाने आता त्याला अधिक जागा करून दिली आहे.

राज्यात हे धोरण स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाले. मुख्य विषयासोबत दुसऱ्या शाखेचा एक दुय्यम विषय घेता येतो. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते किंवा चौथे वर्ष करून ऑनर्स मिळवता येते. चौथ्या वर्षात संशोधनाचा मार्गही आहे. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण असतील तर एमएस्सी न करताही नेट परीक्षा देऊन पीएचडीकडे जाता येते. म्हणजे भौतिकशास्त्र मुख्य, गणित, संख्याशास्त्र किंवा संगणकशास्त्र दुय्यम आणि चौथ्या वर्षी संगणकीय प्रकल्प, अशी आखणी केली तर पदवीवर नाव काहीही असो, गाभा संगणकीय भौतिकशास्त्राचा होतो. बारामतीचे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय स्वायत्त आहे. स्वायत्त महाविद्यालयाला अभ्यासक्रम आखण्याची अधिक मोकळीक असते. विद्या प्रतिष्ठानचे विज्ञान महाविद्यालय आणि इंदापूरचे महाविद्यालयही हाकेच्या अंतरावर आहेत.

दुय्यम विषय निवडताना मोह होतो तो संगणकशास्त्राचा. ज्याचे गणित कच्चे आहे, त्याने आधी गणित घ्यावे. प्रोग्रॅमिंग पुढे कधीही शिकता येते. अवकल समीकरणे आणि रेषीय बीजगणित नंतर एकट्याने शिकणे जड जाते.

खरी अडचण वेगळीच आहे. अनेक ठिकाणी संगणकीय भौतिकशास्त्र कागदावर शिकवले जाते. प्रोग्रॅम फळ्यावरून वहीत, वहीतून जर्नलमध्ये आणि जर्नलमधून उत्तरपत्रिकेत जातो. तो चालतो की नाही, हे पाहण्याची वेळ येत नाही. म्हणून प्रवेश घेण्याआधी महाविद्यालयात काही साधे प्रश्न विचारावेत. आठवड्यात संगणकावर प्रत्यक्ष किती तास मिळतात? एका संगणकावर किती जण बसतात? शिकवणाऱ्यांपैकी कोणी स्वतः या प्रकारचे काम केले आहे का? मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांचे दोन प्रकल्प पाहायला मिळतील का? आणि त्या प्रकल्पांत संगणकाच्या उत्तराची कशाशी तरी, प्रयोगाशी किंवा मोजमापाशी, तुलना केली आहे का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर तिथे संगणक शिकवला जातो, भौतिकशास्त्र नव्हे.

पोटापाण्याचे काय?

पालकांचा हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर गोडगोड करून सांगण्यात अर्थ नाही. नुसत्या तीन वर्षांच्या बीएस्सीवर या विषयातली नोकरी सहसा मिळत नाही. पुण्याच्या वाहन उद्योगात संगणकीय चाचण्यांचे काम भरपूर आहे, पण तिथे इंजिनिअरला आधी बोलावतात. हा रस्ता किमान पाच-सहा वर्षांचा आहे. चार वर्षांची पदवी किंवा बीएस्सीनंतर एमएस्सी, त्यासाठी आयआयटीची ‘जॅम’ परीक्षा आणि मग संशोधन संस्था, हवामान, सेमीकंडक्टर, वित्तीय संस्था, माहिती विश्लेषण अशा वाटा. घरची स्थिती अशी असेल, की तीन वर्षांत पगार सुरू व्हायलाच हवा, तर हा विचार आधी व्हावा.

जमेची बाजूही आहे. स्थानिक महाविद्यालयातल्या बीएस्सीचा खर्च खासगी इंजिनिअरिंगच्या तुलनेत बराच कमी असतो आणि मुलीला घरून ये-जा करून शिकता येते. बारावीत बोर्डाच्या वरच्या एक टक्क्यात येणाऱ्या आणि मूलभूत विज्ञानाची पदवी घेणाऱ्यांसाठी केंद्र सरकारची ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्ती वर्षाला ८०,००० रुपयांची आहे. आणि या शिक्षणातून हाती लागणारे कौशल्य एका उद्योगाला बांधलेले नसते. पाणी, उष्णता, ध्वनी, भाव-चढउतार या सगळ्यांचा हिशेब मांडण्याची रीत एकच असते.

कृत्रिम बुद्धिमत्ता आल्यावर

आता नवा प्रश्न असा, की प्रोग्रॅम कृत्रिम बुद्धिमत्ताच लिहून देत असेल आणि हवामानाचा अंदाजही तीच देत असेल, तर चार वर्षे कशाला घालवायची? २०२५ च्या खरिपात केंद्रीय कृषी मंत्रालयाने १३ राज्यांतल्या सुमारे ३.८ कोटी शेतकऱ्यांना कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेला पावसाच्या आगमनाचा अंदाज मोबाइलवर पाठवला. त्यात वापरलेले गूगलचे ‘न्यूरलजीसीएम’ हे प्रारूप मिश्र आहे. हवेच्या मोठ्या हालचाली ते भौतिकशास्त्राच्या समीकरणांनी सोडवते आणि ढगांसारख्या लहान गोष्टी शिकलेल्या सूत्रांनी भरून काढते. ज्या जुन्या नोंदींवर अशी प्रारूपे शिकतात, त्या नोंदींमधल्या मोकळ्या जागाही भौतिकशास्त्राच्या प्रारूपांनीच भरलेल्या असतात. समीकरणे हद्दपार झालेली नाहीत. ती आत, पायात गेली आहेत.

प्रोग्रॅम लिहून मिळणे सोपे झाले हे खरे. त्यामुळे केवळ प्रोग्रॅम लिहिता येणाऱ्याची किंमत कमी होईल. पण मिळालेल्या उत्तरात ऊर्जा कुठून तरी आपोआप निर्माण होते आहे, वस्तुमान हरवते आहे, किंवा मातीत शून्याहून कमी पाणी दाखवले आहे, हे ओळखणाऱ्याची गरज वाढेल. कारण चुकीची उत्तरे आता पूर्वीपेक्षा वेगाने आणि जास्त आत्मविश्वासाने समोर येतील.

म्हणूनच बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या महाविद्यालयांसमोर एक व्यवहार्य संधी आहे. नव्या अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव यांसाठी श्रेयांक राखून ठेवले आहेत. ते एखाद्या कार्यालयात बसून प्रमाणपत्र आणण्यात घालवण्याऐवजी विद्यार्थ्यांना बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राकडे, साखर कारखान्याच्या ऊस विकास विभागाकडे किंवा गावातल्याच एखाद्या ठिबकच्या शेताकडे पाठवता येईल. एका सेन्सरच्या हंगामभराच्या नोंदी, एक समीकरण, एक लॅपटॉप आणि शेतकऱ्याची वाफशाची पारख, या चार गोष्टी शेजारी ठेवायच्या. कुठे जुळत नाही ते शोधायचे आणि का जुळत नाही ते लिहायचे. असे वीस-पंचवीस प्रकल्प वर्षाला झाले, तर काही वर्षांत या खोऱ्यातल्या काळ्या जमिनीची अशी माहिती हाती येईल, जी बाहेरच्या कोणत्याही प्रारूपाला घरबसल्या मिळणार नाही. प्रवेशाचा अर्ज भरणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या पालकांनी आपल्या महाविद्यालयाकडे हीच मागणी करावी.